राईडच्या रांगेत कसं उभं राहायचं: वॉटर पार्क आणि थीम पार्कला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना वॉटर पार्क काही लांब नाही. मानपाड्याला टिकुजी-नी-वाडी आहे आणि त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की सूरज वॉटर पार्क. नवी मुंबईवाले लहान मुलांना नेरुळच्या वंडर्स पार्कला नेतात. मोठा बेत असेल तर सगळेच खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जातात. आमच्या सोसायटीची सहल काढायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे या सगळ्या प्रकारच्या रांगांत बरंच उभं राहून झालंय. तिकीट कुठे काढायचं, जेवण कसं आहे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रांगेबद्दल कोणी सांगत नाही. आणि दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ जातो तो रांगेतच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. रांगेत मध्ये घुसणारे बहुतेक लोक गुंड-मवाली नसतात. ‘आमचे लोक पुढे आहेत’ असं म्हणत हसतमुखाने पुढे सरकणारी, तुमच्या-माझ्यासारखी संसारी माणसं असतात. म्हणजे पुढच्या वेळी ते आपणही असू शकतो. म्हणून या लेखात दुसऱ्याला कसं अडवायचं हे नंतर येईल, आपण काय करायचं ते आधी.

१. घरीच मुलांची उंची मोजा

मोठ्या राईडना किमान उंचीची अट असते आणि रांगेच्या तोंडाशी तशी खूण केलेला खांब किंवा फलक असतो. खांद्यावरून खाली येणारा हार्नेस किंवा मांडीवर बसणारा दांडा ठरावीक बांध्याच्या माणसासाठी बनवलेला असतो. त्यात लहान मूल सैल बसतं, म्हणून ही अट. तिथे घासाघीस चालत नाही आणि चालूही नये.

मोजताना चपला-बूट काढून मोजा. बऱ्याच पार्कांत लहान मुलांचं तिकीटही वयावर नसतं, उंचीवर असतं. त्यामुळे घरच्या टेपने केलेलं हे दोन मिनिटांचं काम तिकीट खिडकीवरही उपयोगी पडतं. उलटी अटही असते बरं का! चिमुकल्यांच्या काही राईडवर जास्तीत जास्त उंचीची मर्यादा असते, म्हणजे धाकटी बसणार म्हणून दादालाही बसू देतील असं नाही.

जे जमणार नाही ते मुलाला घरीच सांगून टाका. तासभर रांगेत उभं राहून पट्टीपाशी ‘नाही’ ऐकलेलं मूल जे भोकाड पसरतं, त्याने मागच्या पन्नास जणांचा खोळंबा होतो. मग आई उलटी रांग चिरत मागे येते, बाबा पुढे जातात, मामा मध्येच ‘मी थांबतो, तुम्ही जा’ म्हणत जागा बदलतो, आणि मागच्यांना हे सगळं घुसखोरीसारखंच दिसतं.

२. सोबत काय घ्यायचं

- तिकिटाचा क्यूआर कोड स्क्रीनशॉट काढून ठेवा. गेटवर गर्दीत नेटवर्क रुसतं.
- ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचं फोटो असलेलं ओळखपत्र. ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलत घेतली असेल तर त्यांचं आधार किंवा कॉलेजचं ओळखपत्र, मूळ प्रत.
- लॉकर आणि भाड्याच्या कॉश्च्युमच्या डिपॉझिटसाठी थोडी रोकड. डिपॉझिटची पावती आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या.
- नायलॉनचे कपडे. सुती टी-शर्ट, जीन्स, साडी, ओढणी पाण्याच्या राईडवर चालत नाही. रांगेच्या टोकाला पोचून परत पाठवलेली माणसं मी दरवेळी बघते.
- चष्म्याला मागून बांधायची दोरी.
- टोपी आणि गळ्यात अडकवायची मोबाईलची पाणीरोधक पिशवी.
- बॉलपेन. लहान मुलांच्या दंडावर आई-बाबांचा मोबाईल नंबर लिहायला. पाण्याने पुसट होतो, दुपारी परत गिरवा.

घरचे डबे बहुतेक ठिकाणी गेटवरच काढून ठेवायला लावतात. लहान बाळाचं खाणं आणि औषधं असतील तर आधी फोन करून विचारा.

३. दिवस निवडा, वेळ निवडा

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी या दिवसांत गर्दी असणारच. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशीही पार्किंगमध्ये बसची रांग दिसली की समजून घ्या. त्यातल्या त्यात फेब्रुवारी-मार्च बरा, घराघरात दहावी-बारावी चालू असते.

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. सगळ्यात मोठी रांग लागणारी राईड पहिल्या तासात उरकून घ्या, बाकीच्या आपोआप होतात. बरेच लोक आत शिरल्यावर आधी नाश्त्याकडे वळतात, तेवढा वेळ तुमचा. इमॅजिकाला जाणार असाल तर शनिवारी सकाळी एक्सप्रेस वेवर लोणावळ्याला निघालेल्यांची भाऊगर्दी असते हे धरूनच घरून निघा. खोपोली लोकल ठाण्याला थांबतात, पण दिवसभरात मोजक्याच असतात. वेळापत्रक बघून जा आणि परतीची वेळही त्याच वेळी लिहून घ्या.

४. रांगेत शिरण्याआधी गट फोडा

या लेखातलं एवढं एकच वाचणार असाल तर हे वाचा.

सोळा-सतरा जणांचा गट एका रांगेत एकत्र राहत नाही. कोणी पाणी प्यायला जातं, कोणाला बाथरूमला जायचं असतं, कोणाला राईड बघून धडकी भरते, कोणाचा फोन वाजतो. मग दोघे ‘नंबर लावून’ उभे राहतात आणि उरलेले पंधरा जण राईडच्या अगदी जवळ पोचल्यावर येऊन सामील होतात. घुसायचा इरादा कोणाचाच नसतो. पण मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पुढे दोन जण होते, ते आता सतरा झाले. तो भडकला तर त्याचं काय चुकलं?

म्हणून आत शिरल्या शिरल्या चार-पाच जणांचे छोटे गट करा. हे गट कुटुंबांप्रमाणे करू नका, कोणाला काय झेपतं त्याप्रमाणे करा. उंच राईडवाले एका गटात, मधल्या राईडवाले दुसऱ्या, आणि आजी, काकू, बाळ यांचा तिसरा, ज्यांना मुळात रांगेत उभंच राहायचं नाहीये. प्रत्येक गटात एकाचा फोन चालू. भेटायची वेळ आणि जागा ठरलेली, आणि ती जागा कुठल्याही राईडच्या रांगेत नसावी! ‘तुम्ही त्या स्लाईडच्या लाईनीत थांबा, आम्ही येतोच’ हे वाक्य सहलीतून हद्दपार करा.

रांगेत शिरण्याआधी तीन कामं: बाथरूम, पाणी आणि सामान लॉकरमध्ये. मुलं ‘आत्ता नाही लागली’ म्हणाली तरी न्या.

५. रांगेचं शेपूट शोधा

हे वाचून हसू येईल, पण नवख्या माणसाचं पहिलं घोडं इथेच अडतं. मोठ्या पार्कांत रेलिंगमधून नागमोडी वळणं घेत जाणारी रांग असते आणि गर्दी वाढली की ती रेलिंगच्या बाहेर सांडते. तुम्ही रेलिंगच्या तोंडापाशी उभे राहता, आणि रांगेचं खरं टोक मात्र मागच्या झाडाखाली असतं. म्हणून आधी शेवटच्या माणसाला विचारा, “याच राईडची लाईन ना?”

वॉटर पार्कमध्ये आणखी एक गोम आहे. काही स्लाईडना ट्यूब लागते आणि ट्यूबची रांग खाली वेगळी असते. ट्यूब न घेता जिना चढलात तर वरून परत पाठवतात. मग ट्यूब घेऊन वर आल्यावर ‘मी आत्ता इथेच होतो’ हे कोणी ऐकत नाही. दोघांची ट्यूब असेल तर जोडी खालीच ठरवा.

शेजारी दुसरी, छोटी रांग झरझर सरकताना दिसली तर लगेच तापू नका. ती जास्त पैसे भरलेल्या एक्सप्रेस तिकिटवाल्यांची असू शकते. पैशाने वेळ विकत घेणं मलाही फारसं रुचत नाही, पण तो पार्कचा व्यवहार आहे, त्या माणसाची लबाडी नव्हे. तसंच ऑपरेटरने “एकटं कोणी आहे का?” असं ओरडून मागून एखाद्याला पुढे बोलावलं, तर तो घुसलेला नाही. रिकामी जाणारी एक सीट भरली, एवढंच.

रेलिंगची वळणं पूर्ण रिकामी असतील तर दोरीखालून सरळ पुढे जायला हरकत नाही. रिकाम्या वळणांतून इमानेइतबारे गोल गोल फिरणारी मंडळी बघितली की गंमत वाटते. मात्र पुढे एक जरी माणूस चालत असेल तर त्याच्या मागूनच जा.

६. किती वेळ लागणार ते आधी मोजा

रांगेत तोंड आंबट करून उभं राहण्यापेक्षा हा हिशेब करा. एका फेरीत किती जण बसतात ते मोजा. मग एका फेरीच्या सुटण्यापासून पुढची फेरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा.

समजा २० सीट आहेत आणि चढणं-उतरणं धरून ४ मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला ५ माणसं. तुमच्या पुढे १०० जण असतील तर २० मिनिटं. आता जिन्यावरची साधी स्लाईड घ्या, जिथे एकेक जण ३० सेकंदांनी सोडतात. मिनिटाला २ माणसं. पुढे फक्त ४० जण दिसतात, पण वेळ तेवढाच, २० मिनिटं. आणि ४० जणांना घेऊन झुलणारं मोठं जहाज असेल तर ८० जणांची रांगसुद्धा दोन फेऱ्यांत संपते. लांब रांग दिसली म्हणून पळायचं नाही आणि छोटी दिसली म्हणून हुरळायचं नाही.

याच हिशेबातून घुसखोरीची किंमतही कळते. पहिल्या राईडवर १० जण मध्ये शिरले तर मागच्या प्रत्येकाची सरासरी २ मिनिटं गेली. मागे १०० जण असतील तर सगळ्यांचे मिळून तीन तासांहून जास्त. स्लाईडच्या जिन्यावर तेच १० जण प्रत्येकाची ५ मिनिटं खातात. वॉटर पार्कच्या जिन्यांवर जास्त भांडणं होतात याचं हे एक कारण असावं. शिवाय तिथे भर उन्हात अनवाणी उभं राहावं लागतं. दुपारी बारा ते तीन शक्यतो छपराखालच्या राईड घ्या, उघडे जिने सकाळी आणि चारनंतर.

‘हे लोक पटापट सोडत का नाहीत’ असंही मनात येतं. रोलर कोस्टरचा रूळ टप्प्याटप्प्यांत विभागलेला असतो. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात जाऊच शकत नाही. स्लाईडवर खालचा माणूस पाण्यातून बाजूला होईपर्यंत वरचा लाईफगार्ड पुढच्याला सोडत नाही. एकावर एक आपटून मान-पाठ दुखावते ती इथेच. म्हणून वरच्या टप्प्यावर मागून रेटारेटी करायची नाही, अगदी गमतीतही नाही.

७. काय चालतं आणि काय चालत नाही

ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत एरवी रोज मुकाट उभा राहणारा माणूस पार्कात आला की का बिघडतो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझा अंदाज असा की रिक्षाच्या रांगेत प्रत्येक जण एकटा असतो. पार्कात तो कुटुंबप्रमुख असतो, आणि कुटुंबासाठी केलेली आगाऊपणाची गोष्ट त्याला कर्तव्य वाटते.

रांगेत आधीपासून उभं असलेलं माणूस मुलाला बाथरूमला नेऊन परत आलं तर चालतं. पण जाताना मागच्याला सांगून जा: “दादा, पोरीला नेऊन आणते, इथेच उभे आहोत आम्ही.” न सांगता गेलात आणि परत येताना ‘एक्स्क्यूज मी’ करत वीस जण ओलांडलेत, तर त्या वीसांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा? बाहेरदेशी हेसुद्धा चालेलच असं नाही. अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्ज या पार्कांच्या साखळीत दुसऱ्यासाठी जागा धरणं आणि रांग सोडून परत त्याच जागी येणं, दोन्ही रांग तोडण्यातच मोजतात आणि पैसे परत न देता पार्काबाहेर काढू शकतात. आपल्याकडे एवढं कडक कुठे दिसत नाही. म्हणूनच मागच्याची परवानगी हाच आपला नियम.

एक जण पुढे आणि बाकीचे उशिरा आले, तर काय? पुढच्याने मागे जायचं. मागच्यांनी पुढे यायचं नाही. पुढे पोचलेल्याला जीवावर येतं हे खरं, पण एकत्र बसायचं असेल तर हाच रस्ता. नाहीतर वेगवेगळे बसा आणि खाली भेटा. चार मिनिटांची राईड आहे, काशीयात्रा नव्हे.

फोनमध्ये डोकं घालून पुढे दहा फूट मोकळं सोडणं हेही शिष्टाचारात बसत नाही. तिथे कोणी शिरलं तर चूक त्याचीच, पण निमंत्रण तुमचं. पुढच्याने अंतर सोडलं असेल तर “जरा पुढे सरकता का?” एवढं पुरतं.

‘फक्त एक विचारायचंय’ म्हणत पुढे जाऊन तिथेच रेंगाळणारे, मुलाला रेलिंगखालून पुढे सोडून मग ‘तो एकटाय ना पुढे’ म्हणत मागोमाग जाणारे, बाहेर पडायच्या वाटेने परत आत शिरून पुन्हा बसणारे, हे तिन्ही प्रकार रोज दिसतात. राईड रिकामी असेल तर ऑपरेटर स्वतःच “बसा परत” म्हणतो. गर्दी असेल तर वळसा घालून शेपटाला या.

पहिल्याच ओळीत बसायची हौस असेल तर मागच्याला पुढे जाऊ द्या आणि तुम्ही पुढच्या फेरीसाठी थांबा. ही एकच अशी वेळ, जिथे रांगेत मागे राहून मनासारखं मिळतं.

८. कोणी घुसलंच तर

आधी हे धरून चाला की त्याला रांग कळली नसेल. निम्म्या वेळा ते खरं असतं, आणि उरलेल्या निम्म्या वेळा त्याला मान राखून मागे जायला वाट मिळते.

बोलायचं तर लगेच बोला. तीन-चार मिनिटं गेली की घुसलेला माणूस रांगेचा भाग होऊन जातो आणि मग तुम्हीच भांडखोर दिसता. आवाज न चढवता, एकच वाक्य: “अहो, लाईन तिकडून आहे.” आपल्या पार्कांत मराठी, हिंदी, गुजराती सगळंच कानावर पडतं. समोरच्याला समजेल त्या भाषेत सांगा, “भाईसाब, लाइन पीछे से है.” भाषेवरून विषय पेटला की मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि तो गडी रांगेत तसाच उभा.

कोणी बोलायचं? घुसलेल्याच्या लगेच मागच्याने. स्टॅन्ली मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांत मुद्दाम आपली माणसं मध्ये घुसवून काय होतं ते पाहिलं होतं. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये छापून आले. एकटा माणूस घुसला तेव्हा जेमतेम निम्म्या रांगांत कोणीतरी हरकत घेतली. दोघे एकदम घुसले तेव्हा ते प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. आणि घुसलेल्याच्या लगेच मागे उभी असलेली माणसं मुद्दाम गप्प राहिली, तेव्हा त्यांच्या मागचेही बहुतेक वेळा गप्प राहिले. म्हणजे तुमच्या नाकासमोर कोणी शिरलं आणि तुम्ही ‘जाऊ दे’ म्हणालात, तर ते तुमच्यापुरतं राहत नाही. मागच्या सगळ्यांच्या वतीने तुम्ही परवानगी दिलेली असते.

तुम्ही बऱ्याच मागे असाल तर तिथूनच ओरडू नका. पुढे निरोप पाठवा, किंवा घुसलेल्याच्या पुढच्या माणसाला विचारा, “हे तुमच्यासोबत आहेत का?” या प्रश्नाने मी पुष्कळ भांडणं मिटताना पाहिली आहेत. तो ‘हो’ म्हणाला तर आता जबाबदारी त्याची, आणि आधीच्या मुद्द्याप्रमाणे त्याला मागे जायला सांगता येतं. ‘नाही’ म्हणाला तर घुसलेला उघडा पडतो आणि तुम्हाला आणखी काही बोलावं लागत नाही.

कॉलेजच्या मुलांचा घोळका असेल तर सगळ्यांना मिळून बोलू नका, एकमेकांसमोर ती मुलं माघार घेणार नाहीत. त्यातला जो सगळ्यात कमी हसतोय, त्याला बाजूला घेऊन सांगा. त्यालाच आधीपासून लाज वाटत असते.

ऐकलंच नाही, तर राईडच्या दारावरच्या ऑपरेटरला सांगा. खरी सत्ता त्याच्याकडे आहे, कारण तो राईड सुरूच करणार नाही. “दादा, हे आत्ता मध्ये आलेत, जरा बघता का?” त्याने बघितलं तर ठीक. नाही बघितलं तर उतरल्यावर पार्कच्या सुरक्षा चौकीवर तक्रार करा, जागा आणि वेळ सांगून. स्लाईडच्या अगदी वरच्या लाईफगार्डला मात्र वादात ओढायचं नाही. त्याची नजर खालच्या पाण्यावर असायला हवी. तिथला वाद खाली उभ्या सुरक्षारक्षकाकडे न्या.

कोणाला हात लावायचा नाही, आडवे हात पसरून वाट अडवायची नाही. आणि पुरावा म्हणून मोबाईलवर शूटिंग तर मुळीच नाही. आजूबाजूला ओल्या कपड्यांतल्या बायका आणि मुलं असतात, तुमचं भांडण कितीही न्याय्य असलं तरी.

आणि बायकांसाठी वेगळं सांगते. गर्दीच्या नावाखाली कोणी अंगचटीला येत असेल तर तो रांगेचा प्रश्न उरत नाही, आणि तिथे गोड बोलायची काही गरज नाही. मोठ्याने बोला, रांग सोडा, महिला सुरक्षारक्षक गाठा, आणि गरज वाटली तर ११२ लावा.

९. लहान बाळ, आजी-आजोबा, व्हीलचेअर

बाळ सोबत असेल आणि आई-बाबा दोघांनाही बसायचं असेल तर रांगेच्या तोंडाशीच विचारा, “आळीपाळीने सोडाल का?” एक जण बसतो, दुसरा चढायच्या जागेपाशी बाळाला घेऊन थांबतो, मग अदलाबदल. परदेशी पार्कांत याची ठरलेली पद्धत आहे. आपल्याकडे पार्कागणिक वेगळं असतं, पण विचारलं तर बरेच जण सोडतात. हे टोकाला पोचल्यावर विचारू नका, तोवर मागच्यांना ती युक्ती वाटू लागते.

व्हीलचेअर असेल किंवा कोणाला फार वेळ उभं राहता येत नसेल, तर गेटजवळच्या मदत कक्षात आधी बोला. कुठल्या राईडला रॅम्प आहे, कुठे वेगळ्या दाराने सोडतात, ते तिथेच कळेल. आणि ज्याला गरज आहे त्याच्यासोबत एक-दोन जणच जा. आजींच्या गुडघ्यांवर नऊ जण पुढे निघाले की मागच्यांना त्या गुडघ्यांचीच शंका येते. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांत असा गैरफायदा इतका वाढला की त्यांनी २०१३ मध्ये जुनं सवलत कार्ड बंद केलं आणि त्याऐवजी ‘अमुक वेळेला या’ अशी वेळ देणारी पद्धत आणली. खऱ्या गरजूंना त्याचा त्रास झालाच.

१०. चढायच्या जागी

दाखवतील त्या ओळीत उभे राहा. “आम्हाला चौघांना एकत्र” हे आकडा विचारतात त्या क्षणी सांगा, बसल्यावर नाही. टोपी, चष्मा, मोबाईल आधीच खिशात किंवा ठेवायच्या खणात. पट्टा लावून झाला की हात वर करून दाखवा, तपासणी लवकर होते. राफ्टमध्ये बसताना एकूण वजनाची मर्यादा असते, म्हणून लाईफगार्डने तुमच्या चौकडीतल्या एकाला बदललं तर राग मानू नका. आयत्या वेळी धीर सुटला तर सरळ सांगा आणि पलीकडच्या वाटेने बाहेर पडा. दरवेळी कोणीतरी असं बाहेर पडतंच, आणि ऑपरेटरला त्याचं काही वाटत नाही.

११. परतीच्या रांगा

संध्याकाळी वेव्ह पूल बंद झाला की अख्खा पार्क एकदम कपडे बदलायला, लॉकर उघडायला आणि कॉश्च्युमचं डिपॉझिट परत घ्यायला धावतो. दिवसभर शहाण्यासारखी वागलेली माणसंही इथे थकून वाकडी वागतात. शेवटच्या घोषणेच्या अर्धा तास आधी बाहेर या. एकाने सगळ्यांचे कॉश्च्युम गोळा करून पावतीसह खिडकीवर उभं राहायचं, बाकीच्यांनी बाथरूमच्या रांगेत. इथे मात्र एकाने सगळ्यांसाठी उभं राहिलं तरी चालतं, कारण पावती एकच असते. कॉश्च्युम मोजून घ्या, एखादा कमी भरला तर खिडकीवरचा माणूस तुम्हाला बाजूला उभं करून पुढच्याला घेईल.

बसवाल्याला निघायची वेळ सांगताना त्यात पाऊण तास मिळवून सांगा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचं तुम्हाला माहीतच आहे.